विजेची आगोट

मे महिना संपत आला की आमच्या कोकणातल्या घरी एकच शब्द उठता-बसता कानावर पडायचा: आगोट. भात कणगीत पडलं का, लाकडं पडवीत रचून झाली का, सुकट, सोडे, आमसुलं, कुळीथ, उडदाचे पापड कुठवर आले, याची विचारपूस घरोघरी चालायची. पुढचे चार महिने ओढे भरणार, वाट बंद होणार, बाजार लांब पडणार, म्हणून ही बेगमी. आजीला लिहिता-वाचता येत नव्हतं. पण कणगीवर थाप मारून आवाजावरून आत किती भात उरलंय ते ती सांगायची, आणि तिचा अंदाज पायली-दोन पायलीपेक्षा जास्त चुकलेला मला आठवत नाही. पाण्याचं मात्र वेगळं होतं. हंडा रोज संध्याकाळी भरायचा आणि सकाळपर्यंत रिकामा व्हायचा. हंडा मोठा घेऊन त्यात आठवड्याचं पाणी भरावं, असं घरात कुणाच्या मनातही आलं नाही.

या पुस्तकाचं हस्तलिखित वाचताना हंडा आणि कणगी माझ्या डोळ्यांपुढून हलेनात. लेखक माझा वसतिगृहातला सोबती. त्यानंतर त्याची हयात वीजवहनाच्या कामात गेली. त्याचा उल्लेख इथे एकेरीत होणार आहे, वाचकांनी तो उद्धटपणा मानू नये. त्याचा विषय आहे साठवण. वीज मोठ्या प्रमाणावर साठवता येईल का, की त्याऐवजी अणुभट्ट्या उभाराव्यात आणि त्यांना पुरेल एवढं युरेनियम मिळवत राहावं? या प्रश्नावर आपल्याकडे दोन पक्ष पडले आहेत. एक म्हणतो, ऊन फुकट आहे, बॅटऱ्या स्वस्त होताहेत, अणूची कटकट हवीच कशाला. दुसरा म्हणतो, बॅटरीवर देश चालतो का कधी? दोघेही मेगावॅटमध्ये बोलतात. लेखकाने पहिल्याच प्रकरणात ते मोजमाप बाजूला ठेवलं आणि तास मोजायला घेतले, म्हणून ही प्रस्तावना लिहायला मी तयार झालो.

तासांचा हिशेब घाटघरपासून सुरू करू. अकोले तालुक्यात, सह्याद्रीच्या अगदी कड्यावर घाटघरचं वरचं धरण आहे. खालचं धरण ठाणे जिल्ह्यात, शहापूर तालुक्यात. मध्ये चारशे मीटरच्या आसपास उतार, आणि डोंगराच्या पोटात १२५ मेगावॅटची दोन यंत्रं. २००८ पासून ही यंत्रं चालू आहेत. मागणी वाढली की पाणी वरून खाली सोडायचं आणि वीज करायची. मागणी उतरली की तीच यंत्रं उलटी फिरवून पाणी पुन्हा वर चढवायचं. यालाच उदंचन म्हणतात. चढवायला पाच युनिट खर्च केली तर उतरताना चार परत मिळतात. यात गूढ काहीच नाही. इमारतीच्या गच्चीवर हजार लिटरची काळी टाकी असते, तेवढं पाणी चारशे मीटर खाली सोडलं की साधारण एक युनिट वीज होते. एक टाकी, एक युनिट, एवढं लक्षात ठेवलं तर या पुस्तकातली अर्धी गणितं वाचकाला तोंडी करता येतील.

दोन्ही यंत्रं सहा तास चालली की घाटघर पंधरा लाख युनिट देतं. म्हणजे पंधरा लाख टाक्या. ऐकायला आकडा भरघोस वाटतो. आता दुसरी बाजू बघा. महाराष्ट्राला २०२३-२४ मध्ये वर्षाला वीस हजार कोटी युनिटच्या वर वीज लागली. दिवसाची सरासरी पंचावन्न कोटींच्या पुढे जाते. एका दिवसाची वीज साठवायची म्हटली तर साडेतीनशेहून अधिक घाटघर बांधायला हवीत. घरातल्या इन्व्हर्टरची बॅटरी, जिच्यात आपण लोडशेडिंगच्या काळात डिस्टिल्ड वॉटर ओतायचो, ती पूर्ण भरली तरी तिच्यात दीड-पावणेदोन युनिट मावतात. तशा बॅटऱ्यांत एका दिवसाची महाराष्ट्राची वीज भरायची तर माणशी तीन-तीन द्याव्या लागतील, तान्ह्या पोरांनाही.

हे वाचून अणुवाले खूश होतील. त्यांनी थोडं थांबावं. अख्ख्या दिवसाची वीज साठवायला सांगितलंय कुणी? आपल्या विजेची आजची अडचण संध्याकाळची आहे. दुपारी सौर विजेचं अमाप पीक येतं, सहाला सूर्य कलतो आणि नेमका तेव्हाच घराघरांतला दिवा, पंखा, मिक्सर, टीव्ही सुरू होतो. ही चार-पाच तासांची दरी भरून काढणं म्हणजे हंड्याचं काम, आणि ते काम हंडा आता झकास करू लागला आहे. २०२२ मध्ये बॅटरी साठवणुकीची देशातली पहिली मोठी निविदा निघाली, तेव्हा महिन्याला दर मेगावॅटमागे १०.८४ लाख रुपये भाडं ठरलं होतं. त्यानंतर तीन वर्षं उलटायच्या आत, सरकारी अर्थसाहाय्य धरून का होईना, ते दोन-सव्वादोन लाखांच्या घरात आलं. माझ्या उभ्या आयुष्यात इतकी झपाट्याने स्वस्त झालेली दुसरी वस्तू म्हणजे मोबाइलवरचं बोलणं. संध्याकाळच्या विजेसाठी नवी अणुभट्टी बांधावी, असं म्हणणाऱ्याने हे दर एकदा नजरेखालून घालावेत.

केंद्रीय वीज प्राधिकरणाने २०३१-३२ साठी जो आराखडा केला त्यात उदंचन आणि बॅटरी मिळून ४११ गिगावॅट-तास साठवणूक लागेल असं म्हटलं आहे. लेखकाने या आकड्याला दोन पानं दिली आहेत, पण मला भावलं ते त्याचं शेवटचं वाक्य: देशाच्या आजच्या वापराने मोजलं तर हा साठा दोन तासांचा. आराखडा चुकीचा आहे असं त्याला सुचवायचं नाही. दोन तासांचा हंडा संध्याकाळ निभावून नेतो. तेवढ्यासाठीच तो आहे.

अडचण कणगीची आहे. ती सांगण्यापूर्वी कोयनेकडे एक वळसा घेतो, कारण महाराष्ट्राकडे विजेची एक खरीखुरी कणगी आहे आणि तिच्याकडे आपण त्या नजरेने कधी पाहत नाही. शिवसागर जलाशयात १०५ टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी मावतं. कृष्णा लवादाने त्यातलं पश्चिमेकडे वळवून वीज करायला वर्षाला ६७.५ टीएमसीची मर्यादा घालून दिली. जलवर्ष १ जूनला सुरू होतं. त्या दिवसापासून पुढच्या ३१ मेपर्यंत हे पाणी पुरवून पुरवून वापरायचं. एप्रिलमध्ये कोटा संपत आला की कोयनेच्या पोफळी वीजगृहातली यंत्रं हात आखडता घेतात. म्हणजे आजीचंच गणित, फक्त पायलीऐवजी टीएमसीत. एका टीएमसीची साधारण चार कोटी युनिट होतात, त्यामुळे वर्षभराचं पाणी पावणेतीनशे कोटींच्या आसपास जातं. ज्या कोयनेला आपण महाराष्ट्राची भाग्यलक्ष्मी म्हणत आलो, जिच्यासाठी गावं उठली, जिथे १९६७ च्या डिसेंबरात भूकंप होऊन माणसं गेली, तिचं वर्षाचं सगळं पाणी आजच्या महाराष्ट्राला जेमतेम पाच दिवस पुरतं.

आता त्याच मापाने युरेनियम मोजू. आपल्याकडच्या जड पाण्याच्या भट्टीत नैसर्गिक युरेनियम, म्हणजे समृद्ध न केलेलं, जळतं. एका किलोपासून सुमारे पन्नास हजार युनिट वीज मिळते. महिन्याला सव्वाशे युनिट वापरणारी तेहतीस घरं वर्षभर त्यावर चालतील. तेवढ्याच विजेला आपल्याकडचा कोळसा तीस-पस्तीस टन लागेल. ७०० मेगावॅटची एक भट्टी वर्षाला पाचशे कोटींच्या वर युनिट देते, म्हणजे जवळजवळ दोन कोयना, आणि त्यासाठी तिला शंभर-सव्वाशे टन इंधन पुरतं. युरेनियम इतकं जड की त्याच्या ऑक्साइडच्या गोळ्यांचा वर्षाचा साठा गिरणगावातल्या दहा बाय बाराच्या खोलीत एका कोपऱ्यात, तिसऱ्या हिश्शात मावेल. दहा वर्षांची बेगमी करायची तर तसल्या चार खोल्या घ्या. हा साठा कुजत नाही, त्याला उंदीर लागत नाहीत, त्याची बाष्प होऊन उडून जाण्याची भीती नाही. कोळशाच्या वीजकेंद्रांत पंधरा-वीस दिवसांचा कोळसा असला तरी बरं म्हणायचं. २०२१ च्या ऑक्टोबरात तो देशभरात सरासरी चार दिवसांवर आला होता आणि दिल्लीत धावपळ उडाली होती.

म्हणून मी लेखकाच्या एका मुद्द्याशी पूर्ण सहमत आहे. अणुइंधन हीदेखील साठवणूकच. ‘साठवण की अणू’ हा वाद लावताना आपण हंड्याची कणगीशी कुस्ती लावतो.

पण कणगीत भात कुठून येतं?

इथून पुस्तकाचा सगळ्यात सरस भाग सुरू होतो, आणि तो तारापूरचा आहे. १९६३ मध्ये भारत आणि अमेरिकेचा करार झाला: भट्ट्या अमेरिकेच्या, त्यांना लागणारं समृद्ध युरेनियमही अमेरिका देणार, तीस वर्षं. १९६९ च्या ऑक्टोबरात तारापूरची वीज सुरू झाली. मुंबई-अहमदाबाद रेल्वेच्या बोईसर स्टेशनवर उतरून समुद्राकडे गेलं की हे केंद्र लागतं. आशियातलं हे सुरुवातीचं व्यापारी अणुवीज केंद्र ठाणे जिल्ह्यात, आता पालघर जिल्ह्यात आहे. मग १९७४ ला पोखरणचा अणुस्फोट झाला. १९७८ ला अमेरिकेने अण्वस्त्रप्रसारविरोधी कायदा केला आणि आधी दिलेला शब्द त्या कायद्याच्या चाळणीत अडकला. १९८० मध्ये अध्यक्ष कार्टर यांनी अडतीस टन इंधन पाठवायला मंजुरी दिली, तेव्हा ती अडवण्याचा ठराव अमेरिकेच्या सिनेटमध्ये ४८ विरुद्ध ४६ मतांनी पडला. बोईसरच्या पलीकडचे दिवे लागणार की नाही, हे दोन मतांवर ठरलं. १९८२ पासून अमेरिकेच्या जागी फ्रान्स आला. फ्रान्सनंतर १९९५ मध्ये चीनने इंधन दिलं, होय, चीननेच. २००१ मध्ये रशियाने. मधल्या काळात भाभा अणुसंशोधन केंद्राच्या लोकांनी वापरलेल्या इंधनातून काढलेलं प्लुटोनियम मिसळून स्वतःचं इंधन करून पाहिलं आणि त्यातलं काही तारापूरच्या भट्टीत घातलंही. मूळ २१० मेगावॅटच्या या भट्ट्या पुढे १६० वर उतरवून चालवल्या गेल्या. दर काही वर्षांनी दुसऱ्याच्या दारात तांदळाची पिशवी घेऊन उभं राहिलेल्या घराची ही गोष्ट आहे.

कुणी म्हणेल, ते परक्याचं यंत्र होतं. आपल्या जड पाण्याच्या भट्ट्यांना नैसर्गिक युरेनियम लागतं आणि ते आपल्या जमिनीत आहे. होमी भाभांची सगळी आखणी याच तर्कावर उभी होती. पण जमिनीत असणं आणि पदरात पडणं यांत अंतर असतं. झारखंडमधल्या जादुगुड्याची खाण १९६७ मध्ये सुरू झाली. तिथल्या एक टन दगडातून हाती लागतं ते अर्धा किलो, बरेचदा त्याहून कमी. कॅनडाच्या चांगल्या खाणीत तेवढ्याच दगडातून शंभर किलोच्या वर निघतं. आंध्रात तुम्मलपल्लेला साठा मोठा आहे, पण खडकाची जात वेगळी, त्यामुळे युरेनियम वेगळं काढण्याची रीतही खर्चाची. मेघालयात डोमियासियातला मिळालं, तिथे खासी लोकांनी विरोध केला आणि खाण उघडलीच नाही. देशात चार लाख टनांहून अधिक ऑक्साइड सापडलेलं आहे. वर्षाला बाहेर पडतं ते काहीशे टन.

याचा फटका नेमका कधी बसला, हे आपल्यापैकी बहुतेकांना ठाऊक नाही, आणि तेव्हा आपण सगळे अंधारात बसलो होतो. २००५-०६ मध्ये तारापूरच्या तिसऱ्या आणि चौथ्या भट्ट्या, ५४० मेगावॅटच्या, सुरू झाल्या. स्वदेशी आराखडा, स्वदेशी यंत्रं, वेळेआधी पूर्ण झालेलं काम. त्यांच्यासाठी अक्करपट्टी आणि पोफरण ही दोन गावं उठवली होती. भट्ट्या भराभर वाढल्या आणि खाणी मागे पडल्या. २००८-०९ मध्ये देशातली अणुकेंद्रं निम्म्या क्षमतेने चालवावी लागली, इंधन पुरवून वापरायचं म्हणून. कैग्याची चौथी भट्टी तयार होऊन इंधनाची वाट बघत उभी होती. ती पेटली २०१० च्या नोव्हेंबरात. हाच काळ महाराष्ट्रातल्या बारा-बारा तासांच्या लोडशेडिंगचा. खेड्यापाड्यांत परीक्षेचा अभ्यास मेणबत्तीवर चालला होता आणि किनाऱ्यावरच्या आपल्या सगळ्यात नव्या भट्ट्या अर्ध्या पोटी धापा टाकत होत्या. त्या वेळी भारत-अमेरिका अणुकरारावरून संसदेत सरकार पडायची वेळ आली होती. वर्तमानपत्रांत सार्वभौमत्वावर रकाने भरत होते, पण करार हवा होता त्यामागे कणगीचा तळ दिसू लागला होता, हे फार थोड्यांनी लिहिलं.

२००८ च्या सप्टेंबरात अणुपुरवठादार देशांच्या गटाने भारताला सूट दिली. मग कझाकस्तान, रशिया, फ्रान्स, पुढे कॅनडा आणि उझबेकिस्तान यांचं युरेनियम येऊ लागलं. त्या सगळ्या वाटाघाटींतली एक गोष्ट मला लक्षणीय वाटते. भट्ट्यांच्या पूर्ण आयुष्याला पुरेल असा इंधनाचा साठा करायला भारताला मुभा आणि मदत हवी, हे आपल्या मुत्सद्द्यांनी धरून ठेवलं आणि लेखी घेतलं. तारापूरने पोळलेल्या माणसांना आगोट म्हणजे काय, हे कळलं होतं.

लेखक आणि मी वेगळ्या वाटेला लागतो ते पुढच्या टप्प्यावर. २०२५ च्या अर्थसंकल्पात २०४७ पर्यंत १०० गिगावॅट अणुवीज हे उद्दिष्ट जाहीर झालं. तेव्हा आपण नऊ गिगावॅटच्या आत होतो. लेखक या उद्दिष्टाबद्दल आशावादी आहे; इंधन हा गौण प्रश्न आहे, विजेच्या दरात युरेनियमचा वाटा इतका थोडा की त्याचा भाव दुप्पट झाला तरी युनिटमागे फारसं बिघडत नाही, असं तो म्हणतो. दराचं खरं आहे. युरेनियमचा भाव २००७ मध्ये पौंडाला १३० डॉलरच्या वर गेला, २०१६ च्या अखेरीस वीसच्या खाली आला, २०२४ च्या जानेवारीत पुन्हा शंभराच्या वर. या चढउताराचं आपल्या बिलावर काही उमटलं नाही. माझी शंका भावाबद्दल नाही, मालाबद्दल आहे. जड पाण्याच्या भट्टीला दर गिगावॅटमागे वर्षाला दीडशे टन धरा. शंभर गिगावॅटला पंधरा हजार टन. समृद्ध इंधनाच्या भट्ट्या असतील तर मूळ युरेनियम याहून जास्त. सगळ्या जगातल्या खाणी मिळून आज वर्षाला साठ हजार टनांच्या आसपास काढतात आणि त्यातलं चाळीस टक्के एकटा कझाकस्तान काढतो, ज्याला खुल्या समुद्राचा किनाराच नाही. माल बाहेर न्यायचा तर शेजाऱ्याच्या अंगणातून. जगाच्या चौथ्या हिश्शावर दावा सांगणाऱ्या गिऱ्हाइकाने आधी दुकानदाराची वखार बघून यावी, एवढंच माझं म्हणणं.

थोरियम आहे ना, हे उत्तर आपल्याकडे तयार असतं. केरळ, तमिळनाडू, ओडिशाच्या किनाऱ्यावरच्या वाळूत ते भरपूर आहे, यात वाद नाही. पण थोरियम स्वतः पेटत नाही. त्याला पेटवायला आधी प्लुटोनियम साठवावं लागतं, ते वाढवायला द्रुतप्रजनक भट्ट्या लागतात. कल्पाक्कमच्या ५०० मेगावॅटच्या पहिल्या मोठ्या द्रुतप्रजनक भट्टीचं काम २००४ मध्ये सुरू झालं आणि तिचा गाभा भरायला सुरुवात झाली २०२४ मध्ये. विहीर खणून होईपर्यंत तहान थांबत नाही. समुद्राच्या पाण्यातल्या युरेनियमवरही लेखकाने एक छोटं प्रकरण लिहिलं आहे आणि ते मला गमतीचं वाटलं. समुद्रात अब्जावधी टन युरेनियम विरघळलेलं आहे, पण एका घनमीटर पाण्यात तीन मिलिग्रॅमच्या आसपास. एक किलो हवं असेल तर तीन लाख घनमीटर पाणी शेवटच्या कणापर्यंत गाळून काढायला हवं. मी घाटघरच्या टाकीने हिशेब करून पाहिला. तेवढंच पाणी सह्याद्रीच्या कड्यावरून खाली सोडलं तर तीन लाख युनिट होतील. त्यातल्या युरेनियमची आपल्या भट्टीत पन्नास हजार. अर्थात ते पाणी आधी वर कोण चढवणार, हा प्रश्न उरतोच, पण निसर्गाने कशात किती दडवून ठेवलंय याचा अंदाज यावा म्हणून सांगितलं.

बॅटरीवाल्यांनाही इथे मोकळं सोडता येत नाही. जगातल्या तीन चतुर्थांशाहून अधिक लिथियम सेल चीनमध्ये होतात. दुसऱ्याच्या परवानगीवर अवलंबून राहण्याची गोष्ट तारापुरातच संपली असं समजू नये. फरक आहे तो एवढाच, की बॅटरी हे भांडं आहे. भांडेवाल्याशी भांडण झालं तरी घरातलं भांडं बारा-पंधरा वर्षं पाणी धरतं. धान्यवाल्याशी भांडण झालं तर कणगी रोज उतरत जाते. उलट धान्य दहा वर्षांचं एकदम भरून ठेवता येतं, भांड्यात दहा दिवसांचंही पाणी मावत नाही. देशाने कोणता धोका पत्करायचा हे त्याने आपला शेजार बघून ठरवावं.

आणि पावसाळ्याचं काय? ढग आले की सौर वीज आटते, म्हणून साठवण फोल, असा एक युक्तिवाद नेहमी ऐकू येतो. तो युरोपच्या हिवाळ्यावरून उसना घेतलेला आहे. आपल्याकडे ढग येतात ते वारा घेऊन. साताऱ्याच्या चाळकेवाडीचं, वनकुसवड्याचं पठार, धुळ्याचं ब्राह्मणवेल, इथल्या पवनचक्क्या जून ते सप्टेंबरमध्येच खरी कमाई करतात. शेतीच्या मोटारी तेव्हा बंद असतात, धरणं भरत असतात. आपली खरी कसोटी ऑक्टोबरची: वारा पडतो, उकाडा वाढतो, पाऊस गेल्याने मोटारी पुन्हा चालू होतात आणि खाणींत साचलेल्या पाण्यामुळे कोळसाही मागे पडलेला असतो. २०२१ ची टंचाई त्याच महिन्यात आली, हा योगायोग नव्हता. अशा दोन-तीन आठवड्यांसाठी बॅटऱ्या भरून ठेवणं म्हणजे वर्षातून एकदा येणाऱ्या पाहुण्यांसाठी वाडा बांधणं. तिथे कणगी लागते, मग ती कोयनेची असो, युरेनियमची असो, नाहीतर काही काळ कोळशाची.

साठवण आणि अणुवीज या दोन गोष्टींना एकमेकींच्या विरोधात उभं करणं इतिहासालाही धरून नाही. उदंचन केंद्रं जगात मोठ्या संख्येने बांधली ती जपान, फ्रान्स, अमेरिका अशा देशांनी, अणुवीज वाढत होती त्याच दशकांत. भट्टी रात्री मंद करणं परवडत नाही. गाव झोपलेलं असताना तिची वीज घेणार कोण? डोंगरावर पाणी चढवणारे पंप. आपल्याकडे १५० मेगावॅटचं भिऱ्याचं उदंचन यंत्र बसलं ते मुळशीच्या पाण्यावर, ज्या पाण्याखाली सेनापती बापटांच्या सत्याग्रहातली शेतं आहेत. आता सह्याद्रीच्या कड्यावर अशा आणखी कितीतरी जागांची मोजणी चालू आहे. खाली-वर दोन तळी लागतात, त्यामुळे बुडणारी जमीन कोयनेइतकी नसते. पण कड्यावरची ती सपाटी म्हणजे बहुतेकदा ठाकर, महादेव कोळी यांची नाचणीची शेतं. लेखकाने या विषयाला परिशिष्टात ढकललं आहे. ते मला पटलेलं नाही आणि मी त्याला तसं सांगितलं आहे.

त्याहून मोठी एक तक्रार राहिली. साठवणुकीच्या एवढ्या चर्चेत आपल्या राज्याने चालवलेल्या एका प्रचंड साठवण-यंत्रणेचा पुस्तकात उल्लेखच नाही. कोळशाची केंद्रं रात्री बंद करता येत नाहीत, मग रात्रीची उरलेली वीज द्यायची कुणाला? शेतीपंपांना. दिवसा आठ तास किंवा रात्री दहा तास, आळीपाळीने. घाटघरला जे काम पंप करतात ते आपण शेतकऱ्याकडून करून घेतलं: रात्रीची वीज घे आणि पाणी वर चढव. फरक इतकाच, की घाटघरच्या यंत्राला विंचू चावत नाही. बिबट्याच्या भीतीने हातात काठी आणि बॅटरी घेऊन, थंडीत दोन वाजता दारं मोडायला गेलेला माणूस या राज्याचा भार सपाट ठेवत होता. स्टार्टरला ‘ऑटो’ बसवून तो घरी झोपायचा प्रयत्न करायचा, तर सगळ्या मोटारी एकदम सुरू होऊन रोहित्र जळायचं. आता सौर वाहिन्यांमुळे शेतीला दिवसा वीज मिळू लागली आहे आणि दुपारच्या विजेचं अमाप पीक थेट विहिरीत, शेततळ्यात जातंय. यासाठी ना लिथियम लागलं ना युरेनियम. याचा हिशेब कुणी तासांत मांडलेला माझ्या वाचनात नाही.

लेखकाला मी हे फोनवर सांगितलं. तो बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, “अरे, आमच्या नियंत्रण कक्षात तो भार पडद्यावर एका रेघेत दिसायचा. रात्री अकराला वर चढायची आणि पहाटे उतरायची. आम्ही तिला ‘एजी लोड’ म्हणायचो. त्या रेघेखाली माणसं उभी आहेत हे मला कधी सुचलंच नाही.” दुसऱ्या आवृत्तीत प्रकरण घालतो, असं त्याने कबूल केलं आहे. त्यासाठी नगर जिल्ह्यातल्या चार-दोन फीडरांच्या रात्रीच्या नोंदी शोधायला तो याच महिन्यात निघाला आहे.